दोन्ही हात

"हॅलो?... हॅलो, कोण?... अगं मावशी! मोठ्यानं बोल, तुटक येतंय... हो, हो, सिस्टरच बोलतेय... नव्हते झोपले, बाळ मांडीवर आहे... बरी आहे. टाके ओढतात, दुसरं काय... बाळ मजेत. नाळ पडायचीय अजून... मावशी, तू भरदुपारी खुशाली विचारायला फोन करणारी बाई नव्हेस. काय झालंय ते आधी बोल."

सिस्टर माहेरी रजेवर होती, तीही स्वतःच्याच बाळंतपणाच्या. डोंगरापल्याडच्या ज्या आरोग्यकेंद्रात आसपासच्या साऱ्या वस्त्या मिळून ती एकटी सिस्टर, तिथल्या बायकांनी तिचं पोट दिसायला लागल्यापासून एकच विचारलं होतं, बाई, तुम्ही गेल्यावर आमचं कोण? वरच्या साहेबांनी तोंडभरून सांगितलं होतं की बदली सिस्टर पाठवतो, तुम्ही निश्चिंत जा. ती बदली अजून वाटेतच होती. कुठल्या वाटेवर, ते साहेबांनाच ठाऊक. तोवर केंद्र झाडलोट करणाऱ्या मावशीच्या अंगावर. ती रोज सकाळी कुलूप काढायची, लादी पुसायची आणि दारात आलेल्या बाईला सिस्टर नाहीत म्हणून सांगायची. दारावर खडूनं सिस्टरचा नंबर लिहिला होता, तोही मावशीनंच कुणाला तरी धरून लिहवून घेतलेला. सिस्टरच्या आईचा त्या खडूवर भारी राग होता. रजा म्हणजे रजा, असं ती दिवसातून दहादा म्हणायची.

"कोणाला?... राणीसाहेबांना? अगं, तिला तर अजून अवकाश होता ना!... कळा कधीपासून?... सकाळपासून? आणि आत्ता सांगतेस?... 'वाटलं थांबतील.' मावशी, इतकी वर्षं माझ्या हाताखाली काढलीस, कळा थांबलेल्या बघितल्यास कधी?... बरं, बरं, रडू नकोस. ओरडत नाही मी. कुठं आहात?... केंद्रात? चालत आणलीस तिला?... नाही गं, चांगलं केलंस. घरापेक्षा तेच बरं. निदान टेबल आहे, पाणी आहे."

राणीसाहेब म्हणजे मावशीची सून. हे नाव मावशीनंच ठेवलेलं. उशिरा उठते, पाण्याची कळशी उचलताना नाक मुरडते, नवऱ्याला मुठीत ठेवलंय. लादी पुसता पुसता मावशीनं सांगितलेल्या या साऱ्या कागाळ्या सिस्टरला तोंडपाठ होत्या. आणि हीच मावशी सुनेला तपासायला घेऊन आली की दाराआडून कान लावून उभी राहायची, हेही सिस्टरनं पाहिलेलं होतं.

"मुलगा कुठाय तुझा?... मोटारसायकल घेऊन खाली गेला? अँब्युलन्सला वाट दाखवायला?... हो, तो फाटा चुकतातच ते लोक. बरं झालं गेला. पण गाडी निघालीय का?... 'निघालीय म्हणाले.' कोण म्हणालं?... मावशी, निघालीय म्हणजे काय, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही... थांब जरा. आई! आई, तुझा फोन घे आणि गाडीच्या नंबरला लाव. हो, आत्ता! रजा गेली खड्ड्यात, लाव तू!... नाही मावशी, तुला नाही, आईला म्हणाले."

आईनं कपाळाला आठी घातली, पण फोन लावला. पलीकडच्या पोरीनं तिला आधी वस्तीचं नाव विचारलं, मग ते पुन्हा विचारलं, मग होल्डवर ठेवून गाणं ऐकवलं.

"आणि आता तू कुठून बोलतेयस?... ओट्यावरून? मग तिच्यापाशी कोण आहे?... कोणीच नाही?... शेजारची कुठं गेली? हाक मार ना तिला... सगळ्या कापणीला. अख्खी वस्ती? बरं, ऐक, ऐक ना. आतल्या खिडकीपाशी रेंज येते, मी तिथूनच बोलायचे. टेबल ढकल तिकडं, तिच्यासकट... चाकं कसली फिरणार, गंजलीत ती. कचकचून ढकल!... आलं? हां. आता मी बोलतेय ते ऐकू येतंय ना? फोन खिडकीत ठेवू नकोस, कानाला धर... स्पीकर नाही का त्याला?... बंद पडलाय. बरं. खांद्यात धरून बघ... पडतोय. मग हातातच धर."

खरं तर सिस्टरला नुसतं उठून बसायचं तरी उशीला धरावं लागत होतं. पोटावरचे टाके ओले होते. पण ती उठली, आणि बाळाला एका हातात धरून खिडकीशी गेली, जणू तिथून तिला ते टेबल दिसणार होतं. खिडकीतून दिसत होतं समोरचं मोठं हॉस्पिटल. ती स्वतः तिथंच बाळंत झाली होती. फाटकाशी एक पांढरी, चकचकीत रुग्णवाहिका उभी होती आणि बनियन घातलेला ड्रायव्हर ओल्या फडक्यानं तिची काच पुसत होता. गाडीला कुठं जायचं नव्हतं. म्हणून तो तिला आंघोळ घालत होता.

"काय?... नाही, काही नाही. इथं खाली एक गाडी नुसती उभी आहे गं... काही नाही म्हटलं ना. तू तुझं बघ. काय दिसतंय?... डोकं? केस दिसतायत? अगं मग आता कुठली गाडी नि कुठलं काय! हात धुतलेस का?... पुन्हा धू. साबण लावून, कोपरापर्यंत. जा... धुतलेस? आता तिला सांग, ओरडून दम घालवू नकोस, कळ आली की खाली जोर दे. सांग तिला... तुझं नाही ऐकत? माझं नाव सांग. सांग की सिस्टर म्हणतायत... ऐकलं ना? बघ. आता ओढायचं नाही. काहीही ओढायचं नाही, मावशी! तुझी ती जुन्या बायकांची ओढाओढ नको. डोकं येईल तसं येऊ दे, हात नुसता खाली धर... हो... हो... मानेभोवती नाळ आहे का बघ... नाही? देव पावला. आता फोन ठेव खिडकीत. ठेव! दोन्ही हातांनी धर त्याला. मी इथंच आहे, बंद नाही करत..."

मग बराच वेळ ती नुसतीच, "मावशी?... मावशी?" करत राहिली. आई तिकडं होल्डवरचं गाणं ऐकत उभी होती. छातीशी धरलेलं बाळ दूध सोडून तिच्या तोंडाकडं बघत होतं.

"हां! बोल, बोल!... झालं? रडलं का?... मला ऐकू आलं, मला ऐकू आलं गं! आई, झाली, बाळंत झाली!... काय झालंय?... मुलगी? अगं मग तोंड वाकडं का करतेस... नाही केलंस? आवाजावरून वाटलं. आता तुझ्याच हाताखाली अजून एक राणीसाहेब. पूस तिला, कोरड्या फडक्यानं खसाखसा पूस आणि उचलून आईच्या छातीवर उघडी ठेव. वरून पांघरूण... नाळ राहू दे. घाई नाही. आधी वार पडू दे, आपोआप पडेल..."

सिस्टर हसली. फार दिवसांनी कामावर असल्यासारखी हसली. आईलाही हसू फुटलं, आणि त्याच गडबडीत पलीकडच्या पोरीनं एकदाचं सांगितलं की जवळची गाडी दुसरा पेशंट घेऊन गेलीय. लांबची पाठवलीय, ती घाटाच्या पायथ्याशी आहे.

"मावशी, गाडी घाटात येतेय. खरंच येतेय, आईनं विचारलं... वार पडली? सबंध आहे का बघ, फाटलेली नाही ना?... छान. मग आता काय, जिंकलीस तू. पाणी पाज तिला, आणि... काय?... किती?... मावशी, नीट सांग. खालचं फडकं भिजलं की नुसतं लागलंय?... दुसरं घातलंस ते पण?... थेंब थेंब की धार?... धार."

हसू कुठं गेलं ते आईलाही कळलं नाही. सिस्टरनं बाळाला आईच्या हातात दिलं आणि पलंगाच्या कडेवर टेकली.

"ऐक. घाबरू नकोस. हे होतं, आणि ह्याला उपाय आहे. बेंबीच्या खाली हात ठेव तिच्या. काय लागतंय?... मऊ? अगदी लिबलिबीत? ते घट्ट व्हायला हवं. तुझं कपाळ दाबून बघ, तसं लागलं पाहिजे. चोळ. गोल गोल, जोरानं चोळ. तिला दुखेल, दुखू दे... शिव्या देतेय? देऊ दे, शिव्या देतेय म्हणजे शुद्धीवर आहे. बाळाला पाजायला लाव, त्यानं गर्भाची पिशवी आवळते. आणि लघवी झालीय का तिला?... आधी ती करव, भांडं लाव... झाली? आता फ्रिज. फ्रिजमधलं इंजेक्शन काढ. मी देते ना सगळ्यांना बाळंत झाल्याझाल्या, तेच. अगं हो, तुलाच द्यायचंय. इतक्यांदा बघितलंयस... काय?... कुलूप? किल्ली खिळ्याला असते ना... नाही?"

आता या कुलपाची गोष्ट अशी. औषधांच्या फ्रिजला आधी कुलूप नव्हतंच. पण मावशी उन्हाळ्यात त्यात स्वतःची पाण्याची बाटली ठेवायची. आधी एक, मग मुलाची, मग येणाऱ्याजाणाऱ्याची. सारखं दार उघडून औषधं खराब होतील म्हणून सिस्टर एकदा चिडली आणि तिनं एक छोटं पितळी कुलूप आणून लावलं. त्यावरून दोघींत चांगली जुंपली होती आणि मावशी आठवडाभर फुगून बसली होती.

"आई, माझी पर्स आण! पर्स, पर्स, ती दाराला टांगलेली!... थांब गं मावशी..."

पर्समध्ये घराच्या किल्ल्यांचा जुडगा होता. त्यात ती छोटी पितळी किल्ली होती. रजेवर निघायच्या घाईत तिनं ती चुकून जुडग्यात ओवली होती. सिस्टरनं ती मुठीत घट्ट धरली. किल्ली इथं, कुलूप तिथं, आणि मधे तो अख्खा डोंगर.

"मावशी, किल्ली माझ्याकडं आहे... हो, माझीच चूक, मग शिव्या दे मला. आता दगड घे आणि फोड ते कुलूप... नोकरी नाही जात! कोण काढतंय तुझी नोकरी? मी सांगते साहेबांना. सरकारी असो नाहीतर राजाचं असो, फोड!... फोन ठेव आणि घाल दगड!"

थोडा वेळ गेला. सिस्टर तिकडचे दगडाचे घाव मोजत बसली.

"तुटलं? बरं. दाराच्या वरच्या कप्प्यात चपटी पेटी, आत काचेच्या छोट्या कुप्या... दिसल्या? दोन काढ... गार नाहीत? म्हणजे काय, गार नाहीत? लाइट गेलीय का?... आहे? मग... मावशी, फ्रिजचं बटण बघ... बंद? कुणी केलं बंद?"

पलीकडून मावशीनं काय सांगितलं असेल, ते सिस्टरच्या तोंडावरूनच कळत होतं. जाताना सगळी बटणं बंद करत जा, पंखे फिरत राहतात, असं सिस्टरनंच तिला हजारदा बजावलं होतं. एकटी असल्यापासून मावशी इमानेइतबारे रोज संध्याकाळी फ्रिजसकट एकूण एक बटण बंद करायची आणि मग कुलूप लावायची. फ्रिज तेवढा चालू ठेवायचा, हे तिला कुणी म्हटलंच नव्हतं. सिस्टर असताना म्हणायची वेळच आली नव्हती. ती रात्रीसुद्धा तिथंच राहायची.

"नाही... नाही गं. तुझी चूक नाही. नाही म्हटलं ना!... गोळ्या? गोळ्या संपल्या होत्या, मी मागवल्या होत्या, त्या पण बदलीबरोबरच यायच्या असतील... हे बघ, इंजेक्शन पार फुकट नाही गेलं. जोर कमी झाला असेल. थोडा असेल. तेच दे. काहीच नसण्यापेक्षा... कुपीची मान मोड, फडक्यात धरून मोड. सिरिंज नवी घे, पुड्यातली. दोन्ही कुप्या एकात ओढ. हवा काढ वरून. मांडीत, बाहेरच्या बाजूला, सरळ घुसव आणि हळूहळू दाब... टोचायची भीती वाटते? मलापण वाटली होती पहिल्या वेळी. दे!"

आईनं तेवढ्यात सांगितलं की गाडी अर्ध्या घाटात आहे, पण पुढं दगड आलेत, माणसं उतरून बाजूला करतायत. सिस्टरनं ते ऐकलं आणि मावशीला सांगितलं नाही.

"दिलंस? शाबास माझी बाई... गाडी? येतेय. येतेय गं... आता कसंय? पोट घट्ट झालं?... जरासं? आणि धार?... आहेच. तू चोळतेयस ना?... म्हणजे एका हातानं? का?... अगं हो. फोन."

इथं सिस्टर थांबली. जे तिला आता सांगायचं होतं, ते आधीच का नाही सुचलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला. आणि सुचलं हेही सोसेना.

"मावशी, ऐक. एक शेवटचं सांगते, नीट ऐक. एका हाताची मूठ कर आणि बेंबीच्या खाली आत दाब. दुसऱ्या हातानं वरून ती पिशवी धरायची, पुढं ओढायची आणि दोन्ही हातांत पिळल्यासारखी दाबून ठेवायची. अंगचा सगळा जोर लाव. वर चढ टेबलावर, गुडघे टेक. सोडायचं नाही. हात दुखले तरी नाही, गाडी येईपर्यंत नाही... हो. दोन्ही हात लागतील... हो, म्हणजे फोन ठेवावा लागेल.

नाही... नाही, खिडकीत चालू ठेवून काय करशील? मी काय सांगतेय, ते ऐकायला तू कान आणणार, आणि हात निघणार... मी ओळखते ना तुला... अगं सांगायचं काही राहिलंच नाही माझ्याकडं! जे होतं ते सगळं दिलं तुला. खरंच... मला माहीत आहे गं, माहीत आहे. एकटी आहेस. मीपण इथं... तिचा चेहरा पांढरा पडलाय? तिच्याशी बोलत राहा. काय वाटेल ते बोल. भांड तिच्याशी, पाण्याच्या कळशीवरून भांड, पण तिला झोपू देऊ नकोस... काय म्हणालीस?... हो. हो, तुझीच पोरगी. बाई गं, आता पोरगी म्हणतेस... तिला सांग ते. मला नको, तिला सांग.

मावशी, फोन ठेव... ठेव ना गं... तू ठेवत नाहीस. बरं. मग मी ठेवते. ऐक, मी ठेवतेय. तुला एकटीला टाकून नाही ठेवत, तुझा हात मोकळा व्हावा म्हणून ठेवतेय. कळलं? गाडी आली की फोन कर. त्याआधी नाही. ठेवते हं... ठेवते."

आणि सिस्टरनं फोन ठेवला.

आईनं बाळाला खांद्यावर घेतलं होतं, ते झोपून गेलं होतं. खाली ड्रायव्हरचं फडकं पिळून झालं होतं आणि तो गाडीच्या पायरीवर बसून चहा पीत होता. आईनं बराच वेळ वाट पाहिली, आणि मग म्हणाली, अगं, लाव ना परत. काय झालं ते तरी कळेल.

"नाही लावायचा."

का, म्हणून आईनं विचारलं.

"वाजला तर ती उचलेल, आई. उचलायला हात काढेल."

सिस्टर पलंगावर बसून राहिली, फोन पालथा करून मांडीशी ठेवला. तिचा उजवा हात उशीवर होता, मुठीत अजून ती किल्ली होती, आणि ती मूठ उशीत खोल दाबलेली होती. आईनं दोनदा हात लावून पाहिला, पण तिला ती सोडवता आली नाही.